प्रकल्प नोंदी: कोहो आणि ट्राउटची पिल्लं उन्हाळ्यात कुठे, हिवाळ्यात कुठे (ऑरेगॉन कोस्ट रेंज)

ठिकाण: ऑरेगॉनच्या मध्य किनारपट्टीवरचा जंगलातला ओढा, उन्हाळ्यात चार-पाच मीटर रुंद. तळ टायी नावाच्या थराच्या वालुकाश्माचा. मासे: कोहो सॅल्मन, स्टीलहेड (समुद्रात जाऊन येणारा ट्राउट), किनारी कटथ्रोट ट्राउट, सोबत स्कल्पिन. ठरवायचं ते एवढंच: मुख्य पात्रात ओंडके टाकायचे की काठालगतच्या बुजलेल्या खोबणी (पात्राला तोंडाने जोडलेले संथ पाण्याचे कप्पे) उघडायच्या? पैसे एकाच कामाला पुरतील. अशा कामांचा निकाल बहुतेक ठिकाणी ऑगस्टच्या मोजणीवर लावतात. कोहोची अंडी हिवाळ्यात पडतात, पिल्लं मार्च ते मे दरम्यान खडीतून वर येतात आणि पुढच्या वसंतात समुद्राकडे निघतात. म्हणजे प्रत्येक पिल्लाला एक उन्हाळा आणि एक हिवाळा इथेच काढायचा असतो. म्हणून नोंदी दोन्ही ऋतूंच्या.

३ जुलै

मुखापासून वर चालत ओढ्याची विभागणी: डोह, खळाळ, संथ पट्टा, बगलेची खोबण. वाद नेहमी डोह आणि संथ पट्ट्यावरून होतो, त्यामुळे निकष आकड्यातच ठेवला. डोहाची कमाल खोली मोजायची, खालच्या ओठावर जिथून पाणी बाहेर पडतं तिथली खोली त्यातून वजा करायची. कमाल ९२ सेंमी आणि ओठावर १७ असेल तर उरीव खोली ७५. वाहणं थांबलं तरी एवढं पाणी साचून राहील. पाण्याची पातळी चढली-उतरली तरी हा आकडा बदलत नाही, म्हणून जुलै आणि जानेवारीची तुलना यावरच करायची. नुसती कमाल खोली लिहिलेली जुनी पत्रकं या कामाला निरुपयोगी.

क्षेत्रफळ सगळ्या तुकड्यांचं नजरेने आणि दर दहाव्या तुकड्याचं टेपने. पहिला तुकडा एक ते दहामधून चिठ्ठी काढून. ही हॅन्किन आणि रीव्ह्ज यांची १९८८ ची पद्धत. टेपने मोजलेल्या तुकड्यांच्या बेरजेला त्याच तुकड्यांच्या नजर-अंदाजाच्या बेरजेने भागायचं आणि येणाऱ्या गुणकाने बाकीचे अंदाज दुरुस्त करायचे. अंदाज शेवटपर्यंत एकाच माणसाने सांगायचा. तो सतत कमी सांगत असला तरी चालतं, कारण गुणक ते भरून काढतो. मध्येच माणूस बदलला की गुणक वाया.

लाकूड: किमान १० सेंमी जाड आणि २ मीटर लांब असेल तरच मोजणीत. पण काम करतात ते मुळांच्या बुंध्यासकट पडलेले जाड ओंडके. बाकीचे पहिल्या पुरात निघून जातात. बुंध्यासकटच्या ओंडक्यांचा रकाना वेगळा.

ओढ्याच्या मधल्या भागात नुसता उघडा कातळ. या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ओंडके वाहून न्यायला तात्पुरते बांध घालून एकदम फोडत, त्यात खडी खरवडली गेली. पुढे माशांना अडथळा होतो या समजुतीने सरकारी खात्यांनीच पात्रातली लाकडं ओढून काढली. लाकूड नाही म्हणून खडी थांबत नाही, आणि वालुकाश्माची खडी मुळात ठिसूळ, झिजून वाळू होते.

१२ जुलै

तापमान नोंदक सहा जागी. लावण्याआधी सगळे बर्फाच्या पाण्यात एकत्र ठेवून शून्य तपासलं. ज्याचा फरक ०.२ अंशापेक्षा जास्त तो परत. पांढऱ्या पीव्हीसी नळीच्या तुकड्यात बसवून सावलीत, वाहत्या पाण्यात, तळापासून थोडं वर. नळीशिवाय ठेवला तर उथळ पाण्यात ऊन थेट लागतं आणि दुपारचा आकडा फुगतो. डोहाच्या तळाशी ठेवला तर गार झऱ्याचं पाणी मोजलं जातं आणि ओढा आहे त्याहून गार दिसतो. ऑरेगॉनचा पिल्लांच्या वाढीच्या पाण्यासाठीचा निकष १८ अंश आहे, तोही रोजच्या कमाल तापमानाच्या सात दिवसांच्या सरासरीवर. एखाद्या तापलेल्या दुपारवरून आरडाओरडा करायचा नाही.

६ ऑगस्ट

दिवसाची स्नॉर्कल मोजणी, फक्त ४० सेंमीहून खोल आणि ६ चौ. मीटरहून मोठे डोह. ऊन वर असताना, प्रवाहाविरुद्ध, हातांनी तळ धरून सरकत. पाय मारले की गाळ उठतो आणि वरचा डोह अर्धा तास बाद होतो. आधी पारदर्शकता: रबरी माशावरचे पट्टे किती अंतरावरून स्पष्ट दिसतात ते टेपने. दीड मीटरहून कमी असेल तर त्या दिवशी मोजणी नाही.

डोहाचं चित्र पुस्तकात असतं तसंच. वरच्या तोंडाशी, जिथे खळाळाची धार डोहात शिरते, तिथे मोठे कोहो धारेच्या कडेला प्रवाहाकडे तोंड करून उभे. धारेतून वाहत आलेला किडा टिपायला आत झेप, लगेच मागे. लहान कोहो शेपटीकडच्या उथळ भागात आणि काठाला. मोठ्याने पंख ताणून आडवं होऊन दाखवलं की ते सरळ मागे हटतात, अंगाचा रंगही गडद होतो. स्टीलहेड खळाळातल्या दगडांमागे. खोल कपारीत मोठा कटथ्रोट एकटा.

एका डोहाच्या तीन फेऱ्या. सर्वात मोठ्या आकड्यात त्याचा आणि दुसऱ्या क्रमांकाच्या आकड्याचा फरक मिळवायचा: ४१, ३८, ४४ असतील तर ४४ अधिक ३, म्हणजे ४७. सरासरी कधीच नाही. पाण्याखाली मासा चुकून सुटतो तो नेहमी कमी मोजण्याच्या बाजूने, आणि सरासरी ती चूक पक्की करते.

७ ऑगस्ट

ओळख पक्की करण्यासाठीची टीप, नवीन मदतनिसांसाठी. कोहो: गुदपंखाचा पुढचा काठ लांब, पांढरा, त्याला लागून काळी रेघ, आकार विळ्यासारखा, अंगावरचे उभे पट्टे अरुंद. पाण्याखालून ही पांढरी कड सगळ्यात आधी दिसते. स्टीलहेड: गुदपंख आखूड, पाठीच्या पंखावर ठिपके आणि पांढरं टोक, पट्टे अंडाकृती. कटथ्रोट: वरचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो, हनुवटीखाली लाल रेघ. पण ही रेघ लहान पिल्लात नसते. साधारण ८० मिमीच्या खालचे स्टीलहेड आणि कटथ्रोट पाण्याखाली वेगळे सांगता येत नाहीत, तसा दावा करणाऱ्याची पत्रकं बाजूला ठेवावीत. दोन्ही ‘ट्राउट, चालू वर्ष’ या एकाच रकान्यात.

१९ ऑगस्ट

स्नॉर्कलचे आकडे तपासायला निवडक तुकड्यांत विजेची मासेमारी, म्हणजे पाण्यात कांडीने वीज सोडून मासे गुंगवून पकडणं. उथळ खळाळात डोकं बुडत नाही, तिथे दुसरा मार्गच नाही. ऑरेगॉन किनाऱ्याचा कोहो संघराज्याच्या यादीत ‘संकटग्रस्त’ आहे, म्हणून परवाना आणि २००० सालची संघीय मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक: पाणी १८ अंशांच्या वर गेलं किंवा जाणार असेल तर यंत्र बंद. त्यामुळे काम सकाळी आठला सुरू, उन्हं चढायच्या आत आवरतं.

तुकड्याच्या दोन्ही टोकांना अडवणीची जाळी, खालच्या दोरावर दगडांची सलग रांग. एका मुठीएवढी फट राहिली तरी हिशेब गेला. यंत्राची सुरुवात १०० व्होल्ट, ३० हर्ट्झ, ५०० मायक्रोसेकंदांवर. मासा वळून कांडीकडे येईपर्यंतच आधी व्होल्ट वाढवायचे. या ओढ्याची विद्युतवाहकता १०० मायक्रोसीमेन्सच्या खाली, तिथे ११०० व्होल्टपर्यंत मुभा आहे. व्होल्ट कमी पडतात म्हणून वारंवारता वाढवायचा मोह होतो. तो टाळायचा: ४० हर्ट्झच्या वर गेलं की स्नायू इतके जोरात आखडतात की मणके निखळू शकतात. अंगावर गडद डाग दिसला तर सेटिंग लगेच खाली.

दोन फेऱ्यांचा हिशेब: पहिलीत ६० आणि दुसरीत १५ मिळाले, तर ६० चा वर्ग भागिले ४५ (६० वजा १५), म्हणजे तुकड्यात एकूण ८०. पकड ७५ टक्के, समाधानकारक. ४० आणि २८ मिळाले तर त्याच सूत्राने १३३ येतात आणि पकड जेमतेम ३० टक्के. हा आकडा कागदावर लिहायच्याही लायकीचा नाही, तिसरी फेरी करायचीच. फेऱ्यांमध्ये सारखाच वेळ आणि मध्ये गाळ बसेपर्यंत थांबणं. बादल्यांना हवेचे पंप. पाणी दोन अंशांनी चढलं की बदलायचं. मोठे कटथ्रोट वेगळ्या बादलीत, नाहीतर अर्ध्या तासात कोहो कमी भरतात आणि कटथ्रोटचं पोट वर आलेलं असतं.

२८ ऑगस्ट

माशाच्या जागेची मोजणी. स्नॉर्कलवाला मासा जिथे स्थिर उभा दिसला तिथे रंगीत वजन टाकतो. मागून दुसरा माणूस खोली, तळ, आडोसा आणि दोन वेग घेतो: पृष्ठभागापासून ०.६ खोलीवरचा सरासरी वेग आणि माशाच्या नाकासमोरचा वेग. ४० सेकंदांची सरासरी. दोन्ही का? सरासरी वेगावरून वाटतं की मासा धारेत आहे. नाकाशी मोजलं की कळतं, तो ओंडक्याच्या मागच्या जवळजवळ थांबलेल्या पाण्यात उभा आहे आणि धार त्याच्या शेजारून जाते. कमी खर्चात उभं राहायचं आणि शेजारून वाहत जाणारं खाणं उचलायचं, हा त्याचा हिशेब.

उपलब्ध जागा वेगळी मोजावी लागते: आडव्या रेषांवर ठरावीक अंतराने तेच सगळं, मासा असो वा नसो. मग निर्देशांक: वापराचं प्रमाण वजा उपलब्धतेचं, भागिले दोघांची बेरीज वजा दोघांच्या गुणाकाराची दुप्पट. खोल-संथ जागा १० टक्के आणि तिथे ४० टक्के मासे असतील तर ०.३ भागिले ०.४२, म्हणजे ०.७१. एकपासून वजा एकपर्यंतच्या पट्टीवर हा आकडा जोरदार दिसतो.

इथेच गफलत होते. डोहाच्या शेपटीतले लहान कोहो तिथे आवडीने राहत नाहीत, हाकललेले आहेत. वापर म्हणजे पसंती नव्हे. मासे कमी असलेल्या ओढ्यात अशा आकड्यांवरून आखलेला आलेख गर्दीच्या ओढ्यात लागू पडत नाही. आणि हे सगळं उन्हाळ्याचं, दिवसाचं, संथ पाण्याचं. याच आलेखांवर ओंडके टाकायच्या जागा ठरतात, यावर आमचा आक्षेप आहे.

२५ सप्टेंबर

टॅग टोचणं, म्हणजे माशाच्या पोटात क्रमांकाची बारीक चकती-नळी; अँटेनाजवळून मासा गेला की क्रमांक नोंदला जातो. १२ मिमीचा, १३४.२ किलोहर्ट्झचा, वजन ०.१ ग्रॅम. खालची मर्यादा ६५ मिमी. एवढा कोहो साधारण ३ ग्रॅमचा, म्हणजे टॅग अंगाच्या तीन टक्क्यांच्या आसपास. त्याहून लहान मासा कितीही धष्टपुष्ट दिसला तरी नाही. परिणामी आपण मोठ्या पिल्लांचाच माग काढतो. निष्कर्ष लिहिताना हे विसरलं जातं, म्हणून इथे ठळक.

भूल: १० लिटर ओढ्याच्या पाण्यात ट्रायकेन ०.६ ग्रॅम आणि खाण्याचा सोडा १.२ ग्रॅम. सोडा विसरू नये. इथलं पाणी मृदू आहे, ट्रायकेनने ते आम्ल होतं आणि मासा गुंगीऐवजी तडफडतो. तोल गेल्यावर लगेच काम. पाच मिनिटांच्या वर ठेवायचा नाही. सुई छातीच्या पंखाच्या टोकामागे, पोटाच्या मध्यरेषेच्या किंचित बाजूला, तिरकी. सरळ घुसवली की आतडं फाटतं. बोथट सुईने खवले आत ढकलले जातात, म्हणून सुया वारंवार बदलायच्या आणि वापरांमध्ये अल्कोहोलात. वाचकयंत्रावर क्रमांक दिसल्याशिवाय मासा बादलीत जात नाही.

४ ऑक्टोबर

अँटेनांच्या दोन जोड्या: एक ओढ्याच्या खालच्या टोकाला, एक उघड्या असलेल्या एकमेव मोठ्या खोबणीच्या तोंडाशी. प्रत्येक जोडीत दोन वेटोळी, चार-पाच मीटर अंतरावर, म्हणजे कोणतं आधी वाजलं यावरून दिशा कळते. गजाच्या खुंट्या जवळ नकोत, लोखंडाने वेटोळ्याचं जुळणं बिघडतं. सौर नियंत्रकाच्या गोंगाटाने वाचनाचं अंतर अर्ध्यावर येतं, बॅटरीवरच चालवावं. वाचन नीट तेव्हाच होतं जेव्हा टॅग वेटोळ्याच्या पातळीला काटकोनात जातो. खोबणीच्या तोंडाशी मासा आडवा रेंगाळतो, तिथे चुकतं. दोन टॅग एकाच वेळी वेटोळ्यात असले तर बहुतेकदा एकही वाचला जात नाही. प्रत्येक भेटीत काठीला बांधलेला टॅग पाच ठिकाणांहून फिरवून अंतर लिहायचं. ते अंतर लिहिलेलं नसेल तर ‘मासा गेला नाही’ आणि ‘यंत्राने पाहिला नाही’ यातला फरक पुढे सांगता येत नाही.

३० ऑक्टोबर

पहिला मोठा लोंढा. पाणी चढू लागताच खोबणीच्या तोंडाशी नोंदी सुरू, जवळजवळ सगळ्या रात्रीच्या. दिशा आतली. वॉशिंग्टनच्या क्लिअरवॉटर नदीवर १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या कामात हेच दिसलं होतं: शरदातल्या पुरांबरोबर कोहो मुख्य नदी सोडून काठच्या तळ्यांत शिरतात. खालच्या टोकाच्या अँटेनावरही नोंदी आहेत. ते मासे मेले असं धरायचं नाही. मोठ्या नदीच्या काठची पाणथळ, खाडीचं तोंड, कुठेही असू शकतात.

खालच्या जोडीतलं एक वेटोळं फांद्यांनी ओढून नेलं. पुढच्या वेळी तळाला सपाट बांधायचं. वाचनाचं अंतर कमी मिळतं, पण जागेवर राहतं.

१४ डिसेंबर

पाणी ६.५ अंश. दिवसा त्याच डोहांत मासाच नाही, ऑगस्टमध्ये जिथे नजर ठरत नव्हती तिथे. सूर्यास्तानंतर तासाभराने मंद दिव्यांनी पुन्हा: दगडांखालून, मुळांतून ट्राउट बाहेर येऊन तळाशी निश्चल. पाणी नऊ-दहा अंशांच्या खाली गेलं की पिल्लं दिवसा लपतात, रात्री बाहेर पडतात. हिवाळ्यात दिवसा मोजून ‘ओढा रिकामा’ असा अहवाल देणं म्हणजे दुपारी दोनला भाजी मंडई पाहून बाजार बंद पडला असं ठरवणं.

स्टीलहेड लपतात ते मोठ्या दगडांच्या फटीत. फटी वाळूने भरलेल्या असतील तर त्यांना हिवाळाच नाही. म्हणून प्रत्येक तुकड्यात दगड किती टक्के वाळूत रुतले आहेत तो आकडा घेतला. कोहो दगडाखाली फारसे जात नाहीत. ते रात्रीच्या मोजणीतही मुख्य पात्रात तुरळक, आणि जे आहेत ते ओंडक्यांच्या ढिगामागच्या थांबलेल्या पाण्यात.

१९ जानेवारी

खोबणीत सापळे: ६ मिमी जाळीचे, आत छिद्रांच्या डबीत निर्जंतुक केलेली सॅल्मनची अंडी. डबी यासाठी की मासे वासाने यावेत, पण पोट भरून फुगू नयेत. सापळ्यात पाल्याची डहाळी हवी, नाहीतर आत शिरलेला कटथ्रोट कोहो गिळतो. लावण्याआधी तळाचा प्राणवायू मोजायचा: साचलेल्या, कुजक्या पानांच्या तळात तो रात्रीतून उतरतो. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर सापळा वर, पृष्ठभागाजवळ. हवामान खात्याचा पावसाचा इशारा असताना सापळे लावायचे नाहीत. पुरात अडकलेला सापळा काढता येत नाही आणि आतला मासा जातो.

कोहो भरगच्च. सप्टेंबरात टोचलेले पुन्हा मिळाले, लांबी वाढलेली. थंडीतही खोबणीचं पाणी झऱ्यामुळे ओढ्यापेक्षा किंचित उबदार, आणि प्रवाह नाही म्हणून खाल्लेलं अंगी लागतं.

वरच्या बाजूला बीव्हरचा बांध झाला आहे. त्याला हात लावायचा नाही; वर जे तळं तयार झालंय ते कोणत्याही कंत्राटदाराच्या कामापेक्षा सरस आहे.

१६ मार्च

काठाच्या बोटभर पाण्यात नवी कोहो पिल्लं. विजेचं यंत्र कपाटात. बुटांसह सगळं सामान रात्रभर डीप फ्रीझरमध्ये; किनाऱ्यावरच्या पाणवठ्यांत न्यूझीलंडची चिखलगोगलगाय आहे, ती इथे आणायची नाही.

२३ एप्रिल

समुद्राकडे निघालेली पिल्लं (स्मोल्ट) मोजायला खालच्या टोकाला प्रवाहाने फिरणारा पिंपसापळा. त्यात ओढ्यातले सगळे मासे येत नाहीत, म्हणून रोज काहींना खूण करून दोन डोह वर सोडायचं आणि किती परत येतात ते पाहायचं: खूण केलेले अधिक एक, गुणिले एकूण पकड अधिक एक, भागिले परत आलेले अधिक एक, वजा एक. गुणक आठवड्यागणिक वेगळा, कारण पाणी उतरलं की पिंप मंदावतं आणि मोठे स्मोल्ट पोहून सुटतात. पाचोळ्याने पिंप अडलं तर आतले मासे चिरडतात. वाऱ्यापावसाच्या रात्री पाळी लावावी लागते.

खोबणीतून हिवाळा काढलेले टॅग इथे वाजत आहेत. नुसत्या डोहांत राहिलेल्यांच्या नोंदी त्यांच्या तुलनेत विरळ. टॅग फक्त ६५ मिमीच्या वरच्यांना होते हे इथे पुन्हा लक्षात घ्यायचं.

८ मे

निर्णय: बुजलेल्या खोबणी उघडायच्या. ओंडके टाकले तर ऑगस्टचे डोह आणखी भरतील, पण त्या माशांना जानेवारीत जायला जागा तेवढीच राहील. अपवाद कातळाचा मधला पट्टा: तिथे पुढेमागे लाकूड लागेलच, ते डोहासाठी नव्हे, खडी धरून ठेवायला.

कंत्राटात घालायच्या अटी. खोबणीचं तोंड फक्त खालच्या बाजूने. वरूनही उघडलं तर तो फाटा होतो आणि पुराचा वेग आत शिरतो. तळ उन्हाळी पातळीच्या खाली, नाहीतर मेमध्ये पाणी उतरताना पिल्लं आत कोरडी पडतात. तोंड डोहाला लागून, म्हणजे धार ते स्वतः साफ ठेवते. खळाळाच्या कडेला केलेलं तोंड दोन हिवाळ्यांत वाळूने बंद. आत मुळांसकट ओंडके, उघडं पाणी म्हणजे बगळ्यांची आणि पाणमांजरांची सोय. काम १ जुलै ते १५ सप्टेंबर याच मुदतीत, खोदण्याआधी जाळी लावून मासे काढून. तोंडाशी अँटेना बसवायला दोन खांब, लोखंडी नकोत, लाकडी.